पेशींचे दोन राखणदार

मैत्रिणींनो, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. आपल्या पेशीत दोन राखणदार प्रथिनं असतात. ‘आरबी’ पेशीला उगाच वाढू देत नाही, ‘पी५३’ बिघडलेल्या पेशीला थांबवतं. विषाणूचं ‘ई७’ आरबीला अडकवतं, ‘ई६’ पी५३ चा नाश करवतं. मग पेशींना धरबंधच राहत नाही! पण त्याचा कॅन्सर व्हायला बरीच वर्षं लागतात, तीच आपली संधी. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आणि वेळेवर उपचाराने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा राहनाळच्या बायांनो, काही त्रास नसला तरी तिशीनंतर तपासून घ्या. त्यात लाज कसली?