रजईतले एकोणीस हजार किलोमीटर

कापसाचा एक तंतू बोटावर घेतला तर तो आहे की नाही, हे उजेडाकडे धरून पाहावं लागतं. लांबी साधारण एक इंच आणि वजन चार मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा अडीच लाखावा भाग. वणी, पांढरकवडा, मुकुटबनच्या पट्ट्यातल्या जिनिंगमधून निघणाऱ्या रुईचा भाव ठरताना ज्या ‘मायक्रोनेअर’चं नाव निघतं, तो आकडा हाच. एक इंच तंतू किती मायक्रोग्रॅम भरतो, एवढंच तो सांगतो. बऱ्या रुईचा मायक्रोनेअर साडेतीन ते पावणेपाचच्या दरम्यान येतो. हिशेबाला सोपा म्हणून आपण चार धरू.

आता गुणाकार करा. एका किलोत शंभर कोटी मायक्रोग्रॅम असतात. त्यांना चारनं भागलं की पंचवीस कोटी इंच होतात, म्हणजे ६,३५० किलोमीटर. एका किलो रुईत पंचवीस कोटी तंतू आहेत, आणि ते टोकाला टोक लावून मांडले तर मुकुटबनहून निघालेली रेघ युरोपात पोचेल. घरातली साधी एकेरी रजई तीन किलोची धरली, तर तिच्यात पंचाहत्तर कोटी तंतू आणि १९,००० किलोमीटर लांबी झाली. अशा दोन रजया जोडल्या की पृथ्वीला विषुववृत्तावरून जवळजवळ पूर्ण वेढा बसतो. तो वेढा ४०,०७५ किलोमीटरचा आहे. कमी पडलेल्या दोन हजार किलोमीटरसाठी एक उशी उसवावी लागेल.

जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात थप्पी लावलेली रुईची एक गाठ १७० किलोची असते. तिच्यातल्या तंतूंची लांबी १० लाख ७९ हजार किलोमीटर भरते. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. एका गाठीत चंद्रावर जाऊन परत येता येतं आणि वर तीन लाख किलोमीटर उरतात. महाराष्ट्रात हंगामाला सुमारे ८० लाख गाठी होतात. त्यांची लांबी ८ लाख ६४ हजार कोटी किलोमीटर झाली, म्हणजे एका प्रकाशवर्षाचे नऊ दशांश. देशाचं पीक ३०० लाख गाठींचं धरलं तर लांबी ३.४ प्रकाशवर्षांवर जाते. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे सव्वा हंगामाचा कापूस दुसऱ्या ताऱ्याला टेकेल. भाव मात्र क्विंटलवरच ठरतो, लांबीचं कुणी विचारत नाही.

याच भागातल्या एका प्रवासाशी ताडून पाहू. मुकुटबनजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये घर सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे त्याची वाट नोंदली गेली. तेलंगणात डोकावून, शेतं, नाले, रस्ते ओलांडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. सगळी भटकंती मिळून ३,००० किलोमीटरहून जास्त झाली. एवढ्या लांबीला अर्धा किलोहूनही कमी रुई पुरते.

हे आकडे नुसते तोंडात बोट घालायला लावणारे नाहीत. हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्या माणसाचा जीव याच लांबीवर टिकतो. मुकुटबनच्या झरी-जामणी तालुक्यात अशी माणसं गावोगाव आहेत. डिसेंबर-जानेवारीत हरभरा, गहू, तूर शेतात उभी असते आणि रात्री रानडुकरं, रोही येतात. मग जागलीला जावं लागतं. कृषिपंपाला रात्रीची वीज असली तर ओलितही रात्रीच. पारा आठ-दहा अंशांवर उतरतो. तिकडे नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांवर गेला होता. मचाणावर वारा चारी बाजूंनी लागतो, आणि खाली अंधारात जे खसखसतं ते दरवेळी डुक्करच असेल असं नाही.

पाश्चात्त्य देशांत थंडीतल्या झोपेचं सामान घडवलं ते बव्हंशी गिर्यारोहकांनी, सैनिकांनी आणि शिकाऱ्यांनी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शौकाची शिकार संपवली. मुकुटबनच्या जंगलात आज शिकारी म्हणजे गुन्हेगार, आणि इथल्या जंगलानं चोरट्या शिकारीचं दुःख पाहिलेलं आहे. पण अलास्कातल्या शिकाऱ्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. रस्ता, गाडी, गाव काहीच नसलेल्या भागात तो आठवडाभर राहतो. मूस नावाचं अवाढव्य हरीण मारलंच तर दोनशे किलोच्या वर मांस त्याला पाठीवरून, खेपा करून खाली आणायचं असतं. त्यामुळे अंथरुणातला प्रत्येक ग्रॅम तो मोजतो आणि पिसांची स्लीपिंग बॅग घेतो. सिएटलचा एडी बॉअर मासेमारी आणि शिकारीचाच माणूस. १९३० च्या दशकात हिवाळ्यातल्या एका मासेमारीत तो गारठून मरता मरता वाचला, आणि त्यातून पिसं भरलेलं, टाके घातलेलं जाकीट त्यानं बनवलं. १९४० मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं.

पिसं म्हणजे पंखातली काडीवाली पिसं नव्हेत. बदकाच्या, हंसाच्या छातीवर आतल्या बाजूला मऊ कापशी लव असते, ती. आइसलंडमधलं आयडर बदक ती लव स्वतःच उपटून घरट्यात अंथरतं. पिल्लं निघून गेली की माणसं ती गोळा करतात, आणि एक किलो लव जमायला साठेक घरटी लागतात. बाजारातल्या पिसांच्या बहुतेक बॅगांमध्ये मात्र पाळीव बदकांची आणि हंसांची लव असते.

तिचा दर्जा ‘फिल पॉवर’वर ठरतो. एक औंस, म्हणजे २८.३५ ग्रॅम लव मोकळी सोडली तर किती घन इंच जागा व्यापते, तो हा आकडा. ८०० फिल पॉवरची लव उत्तम समजतात. तिचा एक ग्रॅम ४६२ घन सेंटिमीटर जागा घेतो. त्या एका ग्रॅमातलं खरं घन द्रव्य एक घन सेंटिमीटरही भरत नाही. टक्केवारी काढली तर पिसं ०.१७ आणि हवा ९९.८३. अशी ६०० ग्रॅम लव भरलेली बॅग फुलली की आत २७७ लिटर हवा असते, दोनशे लिटरच्या ड्रमाच्या जवळजवळ दीडपट. त्या हवेचंच वजन ३३० ग्रॅम भरतं, म्हणजे पिसांच्या निम्म्याहून अधिक. गिऱ्हाईक हजारो रुपये मोजतं ते पिसांसाठी, आणि अंगावर घेतं हवा.

कापसाचंही असंच आहे, फक्त इतकं टोकाचं नाही. दीड मीटर रुंद, दोन मीटरहून जरा लांब अशी तीन किलोची रजई नुकतीच पिंजून भरली आणि चार सेंटिमीटर फुगली, तर तिचं आकारमान १२६ लिटर होतं. त्यात कापूस दोन लिटरही नसतो, साडेअठ्ठ्याण्णव टक्के हवाच. या रजईच्या प्रत्येक घन सेंटिमीटरात १५० मीटर तंतू असतो, आणि तंतू-तंतूंमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी. एवढ्या चिंचोळ्या जागेत हवेला हलता येत नाही, आणि थांबलेली हवा उष्णता जाऊ देत नाही. हवेच्या मानानं पाणी उष्णता तेवीस पट वाहतं, तांबं पंधरा हजार पट. ऊब देणारी वस्तू एकच, निश्चल हवा. कापूस, लोकर, पिसं ही तिला धरून ठेवण्याची साधनं. एकोणीस हजार किलोमीटरचा जो पसारा वर मांडला, त्याचं काम एवढंच.

मग पिसांचा फायदा कुठे? तेवढीच १२६ लिटर हवा धरायला ८०० च्या लवेचे २७३ ग्रॅम पुरतात. तीन किलोच्या जागी पाव किलोच्या जरा वर, म्हणजे अकरा पट हलकं. शिवाय दाबून छोट्या पिशवीत कोंबलं तरी बाहेर काढल्यावर लव पुन्हा फुलते. कापूस एकदा बसला की आपण होऊन उठत नाही. चार सेंटिमीटरची रजई काही वर्षांत दीड सेंटिमीटरवर आली, तर वजन तीन किलो तेच, पण हवा ४५ लिटर उरते. म्हणूनच पिंजारी लागतो. पूर्वी दारासमोर बसून तो धनुकलीच्या तातीनं कापूस उडवायचा, आता ते काम यंत्रावर होतं. दोन्ही वेळा तो रजईत हवाच भरून देतो आणि त्याचे पैसे घेतो, आणि ते अगदी वाजवी आहेत.

आता ऊब लागते किती? झोपलेला प्रौढ माणूस साधारण ७५ वॉट उष्णता टाकतो. आठ तासांची रात्र धरली तर ०.६ युनिट. महावितरणच्या बिलात हा आकडा कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही, पण जागलीवरच्या माणसाकडे रात्रभरासाठी भांडवल एवढंच. अंथरूण-पांघरूण स्वतः काही तापवत नाही. हे ०.६ युनिट किती हळू सांडायचं, एवढं ते ठरवतं. त्वचा ३३ अंशांवर आणि बाहेर ८ अंश असतील, तर २५ अंशांचा फरक थोपवायला अंगाभोवती सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीची निश्चल हवा पुरते. उणे ३० अंशांना तीच जाडी सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास जाते. हा ढोबळ हिशेब आहे, वारा आणि भूक त्यात धरलेली नाही. तरी मुकुटबनचा हिवाळा एका इंचाचा आहे, एवढं त्यातून कळतं.

हा इंच अंगाखालीही लागतो. पिसांची बॅग इथे साफ हरते, कारण माणसाच्या वजनाखाली लव चपटी होते आणि पाठीखाली हवा उरतच नाही. हिमालयात जाणारे त्यासाठी वेगळी मॅट नेतात. शेतात कडब्याचा जाड थर तेच काम करतो.

पिसांचा दुसरा शत्रू पाणी. भिजलेली लव गोळा होते आणि तिच्यातली हवा निघून जाते. पाऊस नसला तरी माणूस स्वतःच रात्रभर वाफ सोडत असतो. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे पेंग्विनची अंडी आणायला पाच आठवडे अंधारात चालले. पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरला होता. रेनडिअरच्या कातड्याच्या झोपपिशव्या, दोघांच्या पिशव्यांना आतून आयडरच्या लवेचं अस्तर. निघताना तिघांच्या पिशव्या मिळून ५२ पौंडांच्या होत्या, परतताना ११८ पौंडांच्या. म्हणजे तीस किलो बर्फ जमला होता, आणि तो सगळा त्यांच्याच घामाचा आणि श्वासाचा. दर रात्री त्या पिशवीत शिरायचं म्हणजे आधी ती अंगाच्या उबेनं वितळवायची.

विकत घेताना लोक फसतात ते तपमानाच्या आकड्यात. आयएसओ २३५३७ या मानकानुसार बॅगेत तापणारा पुतळा ठेवून चाचणी होते आणि तीन आकडे निघतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे ६० किलो वजनाची, १६० सेंटिमीटर उंचीची स्त्री जिथे सैलावून झोपू शकते ते तपमान. ‘लिमिट’ म्हणजे ७३ किलोचा, १७३ सेंटिमीटरचा पुरुष अंग आखडून आठ तास काढू शकतो ते. आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे ती स्त्री सहा तास गारठून न मरता राहील ते. कम्फर्ट उणे १ असलेल्या बॅगेचा एक्स्ट्रीम उणे २४ च्या घरात असू शकतो. दुकानदार कोणता आकडा मोठ्यानं सांगेल, हे वेगळं सांगायला नको. उणे २४ ऐकून बॅग घेतलेला माणूस उणे १० मध्येच दात वाजवत बसतो.

हे सगळं इथल्या माणसाला दूरचं वाटेल, पण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली पाच आदिवासी मुलं मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन आली. त्या जिल्ह्यातला जिवतीचा डोंगर आणि मुकुटबन यांत अंतर ते किती! एव्हरेस्टवर तीन किलोची रजई कुणी नेत नाही. पाठीवर घेऊन चढायचं, उणे अंशांत झोपायचं आणि कोरडं राहायचं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पिसांना पर्याय उरत नाही.

यातली एकही अट जागलीला लागू नाही. शेतापर्यंत सामान बैलगाडीनं किंवा मोटारसायकलवर जातं, पारा शून्याच्या वर असतो, आणि पहाटे दहिवर असं पडतं की लवेची बॅग ओलावून बसावी. तेव्हा मुकुटबनच्या शेतकऱ्यानं पिसांच्या बॅगेवर पैसे घालू नयेत. घरच्या पेटीतली दबलेली रजई दिवाळीनंतर पिंजून घ्यावी, खाली कडबा जाड टाकावा, दहिवर अडवायला वरून ताडपत्री बांधावी, ती मात्र अंगाला लपेटू नये, नाहीतर आतली वाफ आतच राहते. आणि ज्यांना हिमालयात जायचं आहे त्यांनी बॅग घेताना लेबलवर फक्त कम्फर्टचा आकडा वाचावा, जिथे जाणार तिथल्या रात्रीपेक्षा पाच अंश खालचा घ्यावा, आणि मॅटचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढावेत.