डॉक्युमेंट्सचा मुक्काम कुठे?

मीरा-भाईंदरमध्ये सकाळी नळ सोडणाऱ्या माणसाला शहाड माहीत असण्याचं काही कारण नाही. पण त्याच्या बादलीतलं पाणी शहाडला उल्हास नदीतून उचललेलं आणि टेमघरला शुद्ध झालेलं असू शकतं. भिवंडी, ठाणे, मीरा-भाईंदरला पाणी पुरवणाऱ्या 'स्टेम' कंपनीच्या नावातच शहाड आणि टेमघर दडलेले आहेत. संगणकावरच्या 'डॉक्युमेंट्स' फोल्डरचंही असंच असतं. आपण सेव्ह दाबतो, फाइल 'डॉक्युमेंट्समध्ये' जाते, हवी तेव्हा तिथून निघते. ते डॉक्युमेंट्स प्रत्यक्षात आहे कुठे, हा प्रश्न नळ कोरडा पडल्यावरच पडतो.

विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स हा नुसता पत्ता आहे, आणि पत्ता बदलता येतो. प्रत्येक वापरकर्त्याचं डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स कुठे आहे याची नोंद विंडोज आपल्या रजिस्ट्रीत ठेवते. वर्ड असो, एक्सेल असो की चित्रं काढायचं एखादं सॉफ्टवेअर, फाइल साठवण्यापूर्वी ते विंडोजला विचारतं, 'यांची कागदपत्रं कुठे ठेवायची?' विंडोज ती नोंद वाचून उत्तर देते. आपण काही सांगितलं नसेल तर उत्तर ठरलेलं: सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात आपलं नाव, त्यात डॉक्युमेंट्स.

सी का? कारण ए आणि बी ही अक्षरं आधीच गेली होती. १९८१ चा आयबीएम पीसी फ्लॉपीवर चालायचा आणि त्याच्या दोन फ्लॉपी ड्राइव्हना ए आणि बी म्हणत. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिला पुढचं अक्षर मिळालं. फ्लॉपी कधीच इतिहासजमा झाली, तरी आजच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपची सुरुवात सीपासूनच होते. विंडोजही सीवर आणि तुमची कागदपत्रंही सीवर, ही जोडी मात्र निसर्गनियम नव्हे. ती कुणीतरी ठरवलेली सोय आहे.

या सोयीची किंमत विंडोज एक्सपीच्या काळात अनेकांनी मोजली. व्हायरस शिरला किंवा मशीन रखडत चालू लागलं की दुरुस्तीवाला एकच औषध सांगायचा: 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकावं लागेल.' लग्नपत्रिका, सोसायटीचे हिशेब, क्लासच्या नोट्स टाइप करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत हे वाक्य ठरलेलं असायचं. सी फॉरमॅट झाला की 'माय डॉक्युमेंट्स' त्याच्याबरोबर जायचं. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही जायच्या, कारण डेस्कटॉप हेसुद्धा सीमधलंच एक फोल्डर असतं, हे पुष्कळांना आजही ठाऊक नसतं. मग शहाणे लोक शिकले: 'काम डीमध्ये ठेवायचं.'

फॉरमॅट मारल्यावर नेमकं काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. कोणती फाइल डिस्कच्या कुठल्या भागात आहे याचा एक तक्ता असतो. झटपट फॉरमॅटमध्ये तो तक्ता नव्याने मांडला जातो. मजकूर बहुतेक जागच्या जागीच राहतो, फक्त ती जागा आता मोकळी समजली जाते. म्हणून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरच्या फाइली विशेष सॉफ्टवेअरने पुष्कळदा परत मिळत. पण त्याच जागेवर नवीन विंडोज टाकली की त्यातला बराच भाग पुसला जायचा. आताच्या एसएसडीत तीही आशा कमी. मोकळ्या झालेल्या जागा कोणत्या हे विंडोज 'ट्रिम' आज्ञेने एसएसडीला कळवते आणि एसएसडी त्या पुसून टाकते. त्यामुळे नवीन लॅपटॉपमध्ये 'गेलेलं परत आणू' म्हणणाऱ्यावर फार विसंबू नये.

डॉक्युमेंट्सचा मुक्काम हलवणं अवघड नाही. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायचं, त्यात लोकेशनचा टॅब, मग मूव्ह. डीमध्ये आधी एक नवीन फोल्डर करावं आणि ते निवडावं. हे न करता नुसता डी ड्राइव्ह निवडण्याची चूक बरेच जण करतात. मग अख्खा डी हाच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि तो सोडवणं डोकेदुखी होते. जुन्या फाइलीही तिकडे न्यायच्या का, असं विंडोज विचारते, तिथे 'येस'. फाइली फार असतील तर वेळ लागतो, आणि त्याचं कारण सरळ आहे. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल हलवली तर फक्त तक्त्यातली नोंद बदलते, पापणी लवायच्या आत. सीवरून डीवर नेताना मात्र सगळा मजकूर नव्या जागी उतरवून मग जुन्या जागेवरून काढावा लागतो. फक्त वर्डपुरता बदल हवा असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेने 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'पर्यंत जाता येतं. लिबरऑफिसमध्ये तीच सोय टूल्स, ऑप्शन्समधल्या 'पाथ्स'खाली आहे.

मराठीत फोल्डरांना नावं देणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोजवरच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा सगळा पत्ता २६० चिन्हांत बसावा लागतो. काना, मात्रा, हलन्त ही सगळी इथे वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. 'शहाड' दिसायला तीन अक्षरांचं, मोजदादीत चार चिन्हांचं. लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणपणे २५५ बाइटची, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. एकात एक सात-आठ फोल्डर आणि प्रत्येकाचं नाव 'वार्षिक सर्वसाधारण सभेचा अंतिम अहवाल' असलं की फाइल उघडत नाही अशी तक्रार आलीच म्हणून समजा.

पण 'डीमध्ये ठेवलंय, आता काळजी नाही' हा समज मला जास्त धोक्याचा वाटतो. बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन वाटे असतात. फॉरमॅटपासून डी वाचतो. डिस्कच बिघडली तर दोन्ही एकदम जातात. शहाडला हे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हासच्या पुराने कल्याण, उल्हासनगर, बदलापूर पट्ट्यात तळमजले पाण्याखाली गेले. २७ जुलै २०१९ ला त्याच नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीदरम्यान अडकली. टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूत पाणी शिरतं तेव्हा ते ड्राइव्हचं अक्षर बघत नाही. कागदपत्रं खरोखर जपायची तर दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क शक्यतो वेगळ्या घरात, निदान वरच्या मजल्यावर.

वीज जाणं हे याच गोष्टीचं धाकटं रूप. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा उच्चदाब वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. करोनाचे दिवस, घराघरांतून ऑफिस चालू. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवरचं सेव्ह न केलेलं काम तिथेच थांबलं. वर्डची ऑटोरिकव्हर सोय मूळ सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी प्रत ठेवते, तीही अ‍ॅपडेटा नावाच्या एका लपलेल्या फोल्डरात. हा अवधी एका मिनिटावर आणता येतो. आणणारे किती, हा प्रश्न वेगळा.

त्याचा थोडा अंदाज अमेरिकी संशोधक जेअर्ड स्पूल यांनी दिला आहे. त्यांनी वर्डच्या शेकडो वापरकर्त्यांच्या सेटिंगच्या फाइली मागवून तपासल्या. एखादी तरी सेटिंग बदललेले लोक ५ टक्क्यांहून कमी निघाले. ते वापरत असलेल्या आवृत्तीत आपोआप सेव्ह होण्याची सोय मुळातच बंद होती. 'कंपनीने काहीतरी विचार करूनच बंद ठेवली असेल,' असं लोकांना वाटत होतं. चौकशीअंती कळलं की प्रोग्रॅमरने सगळ्या सेटिंगच्या जागी सरसकट शून्य भरलं होतं. मागे विचार असा काहीच नव्हता.

आता मात्र विचार आहे, आणि तो कंपनीच्या सोयीचाही आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नवीन लॅपटॉप सुरू केला की डॉक्युमेंट्सचा पत्ता अनेकदा वनड्राइव्हच्या पोटात गेलेला असतो. फाइली इंटरनेटवर चढू लागतात, फुकटची ५ जीबी जागा भरते आणि पैसे मागणारे संदेश येऊ लागतात. २०२५ मध्ये तर वर्डची नवी कागदपत्रं आपोआप क्लाउडवर साठवण्याचं कंपनीने जाहीर केलं. क्लाउड वाईट नाही. पुराच्या गावात तर तो उपयोगाचाच. पण वनड्राइव्हवर इकडची फाइल उडवली की तिकडचीही उडते. त्यामुळे त्यालाही एकुलती एक प्रत समजून चालणं बरं. कागदपत्रं क्लाउडवर ठेवायची तर ती विचारून, समजून ठेवलेली असावीत.

मूळ सेटिंगचा सर्वांत मोठा घोटाळा मात्र आपल्या घरात घडत नाही, झेरॉक्सच्या दुकानात घडतो. आपण आधार कार्ड, पॅन, पगाराची स्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलने पाठवतो, दुकानदार ती उतरवून प्रिंट काढतो, आपण पैसे देऊन निघतो. फाइल दुकानाच्या मशीनवर डाउनलोड्समध्ये राहते. दुकानदाराच्या मनात काही वाईट नसतं. ब्राउझर न विचारता तिथेच टाकतो, एवढंच. महिन्याभरात त्या फोल्डरात अख्ख्या वस्तीची ओळखपत्रं जमतात.

दुकानदारांनी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचारण्याचा पर्याय चालू करावा, गिऱ्हाइकांच्या फाइलींसाठी एक वेगळं फोल्डर ठेवावं, आणि शटर ओढण्यापूर्वी ते फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे करावेत. आपणही प्रिंट हातात पडल्यावर 'फाइल डिलीट करा' असं समोर उभं राहून सांगावं. आणि जिथे चालत असेल तिथे आधीचे आठ आकडे झाकून शेवटचे चारच दाखवणारं मास्क्ड आधार द्यावं. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मोफत मिळतं.