सापशिडीतून जीवशास्त्राचा पाठ

सापशिडी महाराष्ट्रात पूर्वी मोक्षपट या नावाने नीतिशिक्षणासाठी खेळली जाई. फुलसावंगीसारख्या कापूस पिकविणाऱ्या गावी त्याच पटावर गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र शिकविता येते. जमिनीवर ३६ घरे आखून त्यांचे अंडी, अळी, कोष व पतंग असे चार भाग करावेत. फाशांऐवजी चिंचोके घ्यावेत. सोंगटी हाच कीटक समजावा. शेतात उरलेली पऱ्हाटी ही शिडी; अंड्यांवरील ट्रायकोग्रामा कीटक व पतंगांसाठीचा कामगंध सापळा हे साप. बोंडात शिरलेल्या अळीच्या घरांत साप नसावा. असे का, हे मुलांस विचारावे. फवारा बोंडात पोहोचत नाही, हे त्यांस उमगेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी दगावले. म्हणून हा पाठ घरापर्यंत जाणे अगत्याचे आहे.