मुठीतली अवजारपेटी

सुताराच्या पडवीत गेले तर रंधा, करवत, पटाशी, गिरमीट अशी नाना प्रकारची अवजारे मांडलेली दिसतात. चर्मकाराजवळ रापी आणि आरी असते. सोनाराजवळ चिमटा, हातोडी व कानस असते. प्रत्येक अवजार एकाच कामासाठी घडविलेले असते, आणि म्हणूनच ते काम त्याच्या हातून उत्तम होते. परंतु काम नेहमी अवजारांच्या शेजारीच निघते असे नाही. रानात विहिरीवरच्या पंपाचा स्क्रू सैल होतो, गड चढताना पाठीवरच्या पिशवीचा बंद तुटतो, ऐन घाटात सायकलीच्या ब्रेकची तार निसटते. आणि अवजारांची पेटी तर घरी कोनाड्यात असते! अशा वेळी पेटीतल्या उत्तम अवजारापेक्षा खिशातले मध्यम अवजार अधिक मोलाचे ठरते. या गरजेतूनच अनेक अवजारे एका मुठीत घडी करून बसविण्याची कल्पना निघाली. अशा साधनास आज सर्वत्र मल्टिटूल असे म्हणतात.

या कल्पनेचे पहिले प्रसिद्ध रूप स्वित्झर्लंडमध्ये दिसले. त्या देशाच्या सैन्याने १८८९ साली नवी बंदूक स्वीकारली. ती साफ करण्यासाठी सुटी करावयाची तर स्क्रू-ड्रायव्हर लागे. शिवाय सैनिकांना डबाबंद अन्न मिळे, तो डबा फोडण्यासही काही तरी हवेच. म्हणून पाते, डबा फोडण्याची चोच, टोचा आणि स्क्रू-ड्रायव्हर असलेला एक चाकू सैन्याने ठरविला. पहिले चाकू मात्र जर्मनीतील सोलिंगेन येथून आणावे लागले. ईबाख या डोंगराळ गावातील कार्ल एल्सेनर नावाच्या चाकू घडविणाऱ्या कारागिराला हे रुचले नाही. त्याने १८९१ मध्ये सैन्याला स्वदेशी चाकू पुरविले. पण जर्मन कारखाने तोच माल स्वस्तात देत, त्यामुळे तो कर्जात बुडाला. तरीही तो हटला नाही. १८९७ साली त्याने अधिक हलका व अधिक अवजारांचा चाकू सिद्ध केला. त्यातील खुबी स्प्रिंगमध्ये होती. एकाच स्प्रिंगेच्या दोन्ही अंगांना त्याने अवजारे बसविली; त्यामुळे अवजारे वाढली, पण जाडी फारशी वाढली नाही. पुढे आपल्या आईचे व्हिक्टोरिया हे नाव त्याने मालाला दिले, आणि १९२१ मध्ये गंजरोधक पोलाद वापरात आल्यावर त्या नावाचे व्हिक्टोरिनॉक्स झाले.

या चाकूत एक मोठी उणीव होती. त्यात कापण्याची, टोचण्याची, फिरविण्याची सोय होती, पण घट्ट पकडण्याची नव्हती. अमेरिकेतील टिम लेदरमन या यंत्र-अभियंत्याला ही उणीव प्रवासात जाणवली. १९७५ साली तो व त्याची पत्नी एक जुनी मोटार घेऊन युरोपात हिंडत होते. मोटार वारंवार बिघडे. स्वस्त खानावळींतील नळ गळत. खिशात चाकू होता, पण प्रत्येक वेळी हवी असे ती पक्कड! घरी परतल्यावर त्याने पक्कडच मध्यभागी ठेवून तिच्या दोन दांड्यांत इतर अवजारे मिटविण्याचा उद्योग आरंभिला. नमुना मनासारखा उतरण्यास काही वर्षे लागली. मग तो विकत घेणारा मिळेना. चाकूचे कारखानदार म्हणत, हे तर अवजार आहे. अवजारांचे कारखानदार म्हणत, हा तर चाकूचा प्रकार आहे. अखेर १९८३ साली एका मित्राच्या भागीदारीत त्याने स्वतःच उत्पादन सुरू केले, आणि पहिल्याच वर्षात सुमारे ३०,००० नग खपले. आज आपण ज्याला पूर्ण आकाराचे मल्टिटूल म्हणतो ते या घराण्यातले. मिटल्यावर त्याची लांबी साधारणतः १० ते ११.५ सेंटिमीटर भरते आणि वजन पाव किलोच्या आसपास असते.

आता असे साधन निवडावयाचे झाल्यास काय पाहावे? दुकानदार बहुधा प्रथम अवजारांची संख्या सांगतो. अमक्यात बारा, तमक्यात अठरा. या संख्येला भुलू नये. बाटली उघडण्याचा आकडा आणि डबा फोडण्याची चोच एकाच तुकड्यावर कोरून त्यांची दोन अवजारे म्हणून गणना केलेली असते. त्यापेक्षा प्रथम पक्कड उघडावी, कारण पूर्ण आकाराचे साधन बाळगावयाचे ते मुख्यतः तिच्यासाठीच.

पक्कड म्हणजे दोन तरफांची जोडी. अडकित्त्यातही दोन तरफाच असतात, परंतु तेथे टेकू एका टोकाला व सुपारी मध्ये असते. पक्कडीत टेकू, म्हणजे बिजागर, मध्ये असतो. समजा, बिजागरापासून ८ सेंटिमीटरवर आपण दांड्या दाबल्या आणि २ सेंटिमीटरवर नट पकडला. तर घर्षण सोडून दिल्यास नटावर आपल्या जोराच्या चौपट जोर पडतो. तीच गोष्ट १ सेंटिमीटरवर आणली तर जोर आठपट होतो. तार तोडण्याची धार पक्कडीच्या टोकाशी न ठेवता अगदी बिजागराजवळ का ठेवतात, हे यावरून ध्यानात येईल. दांड्या आखूड असल्या की हा लाभ घटतो. खिशात सहज मावणारी लहान साधने दिसण्यात गोंडस खरी, पण घट्ट बसलेल्या नटापुढे ती हार खातात, याचे कारण हेच.

जोर जसा नटावर पडतो, तसा तो आपल्या तळहातावरही पडतो. लेदरमनच्या पहिल्या नमुन्याच्या दांड्या पोलादी पत्रा दुमडून केलेल्या होत्या. नेट लावून दाबताच पत्र्याच्या कडा हाताला रुतत. पुढच्या नमुन्यांत त्या कडा गोलसर करण्यात आल्या. तेव्हा पक्कड हातात घेऊन खरोखरच जोराने दाबून पाहावी. नंतर ती मिटलेल्या स्थितीत उजेडापुढे धरावी. टोके एकमेकांना नीट भिडत नसतील आणि मधून फट दिसत असेल, तर बारीक तार त्यांत धरता येणार नाही. बिजागर खुळखुळत असेल तर ते साधन तेथेच परत करावे.

पोलादाची गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. पोलाद तापवून एकदम थंड केले की ते कठीण होते, पण त्याबरोबरच ठिसूळही बनते. म्हणून त्याला पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. यालाच पाणी देणे म्हणतात. चाकूचे पाते कठीण हवे, नाही तर धार टिकणार नाही. स्क्रू-ड्रायव्हरला मात्र पीळ सोसावा लागतो. तो फार कठीण असला तर त्याचे टोक कडकन तुटेल. स्प्रिंगेला तर वारंवार वाकून पूर्ववत व्हावयाचे असते. यास्तव व्हिक्टोरिनॉक्सच्या चाकूत पात्यांची कठीणता रॉकवेल मापाने ५६, कात्री व करवतीची ५३, स्क्रू-ड्रायव्हरची ५२ आणि स्प्रिंगेची ४९ ठेवतात. एकाच मुठीत राहणारी ही भावंडे, पण प्रत्येकाला पाणी वेगळे! असे न करता सर्व भाग एकाच पत्र्यातून कापलेले स्वस्त साधन काही दिवसांतच आपले खरे रूप दाखविते.

सर्वांत दक्षतेने पाहावयाची गोष्ट म्हणजे खटका. पाते उघडल्यावर ते जागच्या जागी अडकून राहिले पाहिजे. टोच्याने चामड्याला भोक पाडताना किंवा करवतीने फांदी कापताना खटका नसला, तर अवजार अचानक मिटते आणि ते मिटते ते बोटांवरच. सुरुवातीच्या साधनांत असे खटके नव्हते. आता चांगल्या साधनांत ते असतात. खटका लावल्यावर तो सोडण्यासाठी अंगठा पात्याच्या वाटेत आणावा लागतो की काय, हेही पाहावे. ज्या साधनात पाते बाहेरच्या बाजूस असते, ते पक्कड न उघडता एका हाताने उघडता येते. दुसऱ्या हाताने दोर धरलेला असताना ही सोय फार उपयोगी पडते. मात्र सहज उघडणारे पाते लहान मुलांच्या हातीही सहज उघडते, म्हणून घरात असे साधन उंच जागी ठेवावे आणि तुम्ही ते वडील माणसांच्या देखत वापरावे.

बाकीची अवजारे ज्याच्या त्याच्या कामावरून ठरवावीत. शेतकऱ्याला करवत व मजबूत पाते हवे. शिवणकाम करणाऱ्याला चांगली कात्री हवी. सायकल वापरणाऱ्याला स्क्रू-ड्रायव्हरची बदलती टोके उपयोगी. जे वर्षातून एकदाही उघडले जाणार नाही त्याचे ओझे रोज वाहण्यात अर्थ नाही. पाव किलो पोलाद सदऱ्याच्या खिशात दिवसभर लोंबकळत राहिले की चार दिवसांत ते घरी राहू लागते. म्हणून अनेक जण ते म्यानात घालून कमरेच्या पट्ट्याला अडकवितात. विमानप्रवासात ते जवळ बाळगता येत नाही, सामानात द्यावे लागते.

उत्तम मल्टिटूललाही मर्यादा असतात. त्याच्या पक्कडीने नट फिरविला तर नटाचे कोपरे झिजतात. तेथे पान्हाच हवा. त्याचा स्क्रू-ड्रायव्हर खोल खाचेत पोहोचत नाही. कठीण पोलादी तार तोडली तर धारेला खाचा पडतात; काही साधनांत ती धार काढून नवी बसविता येते. सर्वांत महत्त्वाचे हे की, त्याच्या दांड्या बहुधा उघड्या पोलादाच्या असतात. वीज-कारागिराच्या पक्कडीवर विद्युतरोधक आवरण असते, तसे येथे नसते. विजेचा प्रवाह चालू असलेल्या तारेला हे साधन कधीही लावू नये.

वापर झाल्यावर माती व ओल पुसून काढावी, आणि बिजागरांत शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. खोबरेल घालू नये. ते थंडीत गोठते आणि काही दिवसांनी चिकट होऊन उलट धूळच धरून ठेवते.