विश्लेषण : फोटोवर नुसते ‘एक नंबर!’ की नेमका सल्ला? हौशी छायाचित्रकाराला उपयोगी अभिप्राय कसा द्यावा?

पावसाळी सहलीचा फोटो ग्रूपवर पडला की मिनिटभरात ‘कडक’, ‘एक नंबर’, ‘कुठला फोन?’ अशा प्रतिक्रिया येतात. एखादा ‘जास्तच एडिट केलाय’ असे सुनावून मोकळा होतो. फोटो काढणाऱ्याला मात्र काय जमले, काय चुकले आणि पुढच्या वेळी काय करायचे, यातले काहीच कळत नाही. हळूहळू तो फोटो दाखवणेच बंद करतो किंवा तीच चूक वर्षानुवर्षे करत राहतो. हे टाळण्यासाठी मत कसे द्यावे?

मत देण्याआधी काय तपासावे?

सर्वप्रथम फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो कॉम्प्रेस होतो आणि बारीक तपशील पुसले जातात. त्यावरून ‘शार्प नाही’ म्हणणे अन्यायाचे ठरू शकते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर मूळ फाइल मिळते, शटर स्पीड आणि आयएसओची नोंदही पाहता येते. अर्थात त्याच नोंदीत फोटो काढल्याचे ठिकाणही असू शकते. त्यामुळे घरातला फोटो अनोळखी व्यक्तीला असा पाठवू नये.

दुसरी गोष्ट आपला स्क्रीन. फोनमध्ये ‘नाइट लाइट’ सुरू असेल तर सगळेच फोटो पिवळसर दिसतात. रंगांवर बोलण्याआधी तो बंद करावा. तिसरी गोष्ट हेतू. ‘तुला यात काय दाखवायचे होते?’ हा एक प्रश्न विचारला की निम्मे वाद मिटतात.

चूक फोटो काढतानाची की एडिटिंगची?

हा फरक सांगणे सर्वांत उपयोगाचे. समजा, माळशेज घाटातला फोटो आहे. पिवळ्या रेनकोटमधली मुलगी, मागे धबधबा, वर पांढरेफटक आकाश आणि क्षितिज एका बाजूला कललेले.

क्षितिज एडिटिंगमध्ये सरळ होते, पण फोटो फिरवताना कडा कापल्या जातात. मुलगी अगदी कडेला उभी असेल तर तिचा हात जाऊ शकतो. म्हणून ‘कॅमेऱ्यात ग्रिड सुरू ठेव’ हा सल्ला जास्त कामाचा.

आकाशाची गोष्ट वेगळी. नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पातळ्या असतात. ढगांचा भाग २५५ वर जाऊन अडकला की तिथली माहितीच नोंदवली जात नाही. नंतर ‘हायलाइट्स’ कमी केले तरी ढग परतत नाहीत, पांढऱ्याचा फक्त राखाडी होतो. ‘रॉ’ फाइल १२ बिटची असेल तर ४,०९६ आणि १४ बिटची असेल तर १६,३८४ पातळ्या मिळतात, त्यामुळे दुरुस्तीला जास्त वाव राहतो. फोनवर सोपा उपाय आहे : आकाशावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करायचा आणि मगच क्लिक करायचे. सावलीतला चेहरा नंतर बऱ्यापैकी उजळता येतो.

हलल्यामुळे पुसट आलेल्या फोटोचेही तसेच. धावणारे मूल १/१५ सेकंदाला टिपले तर ते अस्पष्ट येणारच. शार्पनिंग वाढवून फक्त दाणे वाढतात. तिथे शटर स्पीड वाढवायला सांगावे.

एडिटिंग अति झाले, हे कसे दाखवून द्यावे?

‘भडक आहे’ म्हणण्याऐवजी जागा दाखवावी. डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटली असेल तर शार्पनिंग किंवा एचडीआर जास्त झाले आहे. हिरवळीत पानांच्या छटा वेगळ्या दिसत नसतील तर सॅच्युरेशन जास्त आहे. चेहऱ्यावरचे तीळ-सुरकुत्या गायब आणि सावळा रंग गोरा झाला असेल, तर तो बहुधा ‘ब्युटी’ फिल्टरचा प्रताप. आजीचा चेहरा आजीचाच दिसावा, हे सांगायला संकोच कशाला?

बऱ्याच एडिटिंग अ‍ॅपमध्ये फोटोवर बोट दाबून धरले की मूळ फोटो दिसतो. दोन्ही चार-पाच वेळा पाहिले की फरक स्वतःलाच जाणवतो.

दुरुस्ती कुठे संपते, फसवणूक कुठे सुरू होते?

‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर आडवा फोटो उभ्या चौकटीत बसवण्यासाठी गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले आणि मोठी टीका ओढवून घेतली. २०१० मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत स्तेपान रुदिक यांचे पारितोषिक रद्द झाले. त्यांनी फोटो बराच कापून कृष्णधवल केला होता. त्याला हरकत नव्हती. पण चौकटीत आलेला पायाचा छोटासा भाग पुसला होता, तो नडला.

बातमी आणि स्पर्धेचे नियम घरच्या फोटोला लागू नाहीत. वाढदिवसाच्या फोटोतली विजेची तार पुसली तर कोणाचे बिघडत नाही. पण तोच फोटो स्पर्धेला जाणार असेल, तर ‘नियम वाचलेस का?’ हे विचारणे मित्राचे काम आहे.

शब्द कसे असावेत?

जमलेली गोष्ट, एक त्रुटी, तिचे कारण आणि उपाय, एवढे पुरे. उदाहरणार्थ : ‘पिवळ्या रेनकोटमुळे नजर थेट तिच्यावर जाते, हे छान जमलेय. पण आकाश पूर्ण पांढरे झाल्याने लक्ष वर खेचले जाते. या फोटोत वरचा भाग थोडा कापून बघ. पुढच्या वेळी उजेड कमी करून काढ.’

एका वेळी दहा चुका काढल्या तर नवख्याला एकही नीट लक्षात राहत नाही. सर्वांत मोठी एकच सांगावी. चौघांत बोलण्यापेक्षा आधी ‘मत सांगू का?’ असे विचारावे. काहींना फक्त आठवण दाखवायची असते, तिथे ‘एक नंबर!’ पुरेसे आहे.