नगरें वसविण्याचे कांहीं अल्पपरिचित खेळ

खेळ म्हणजे वेळ घालविण्याचें साधन, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. आणि त्यांतून संगणकाच्या पडद्यावरील खेळ म्हटला, म्हणजे वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्यावांचून राहत नाहींत. पुष्कळ खेळांच्या बाबतींत या आठ्या योग्यच आहेत, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु या खेळांत एक जात अशी आहे कीं, तींत कोणाचा पाठलाग करावयाचा नसतो, कीं कोणास ठार मारावयाचें नसतें; एक गांव वसवावयाचें असतें. धान्य किती पेरावें, घरें किती बांधावीं, रस्ता कोठून न्यावा, याचा निर्णय खेळणाऱ्यानें करावयाचा आणि त्याचें बरेंवाईट फळही त्यानेंच पाहावयाचें. बुद्धिबळाच्या पटावर एका चालीची किंमत जशी दहा चालींनंतर कळते, तशीच ती येथेंही उशिरां कळते.

या जातीचा सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे अमेरिकेंतील विल राइट यांचा ‘सिमसिटी’ होय. तो १९८९ सालीं बाहेर पडला. त्याचे नियम बांधतांना राइट यांनीं फॉरेस्टर या अमेरिकन प्राध्यापकांच्या, शहरांच्या वाढीवरील व ऱ्हासावरील १९६९ सालच्या ग्रंथांतून पुष्कळ कल्पना घेतल्या. म्हणजे पडद्यावर जें शहर भरभराटतें किंवा ओसाड पडतें, तें सृष्टिनियमानें नव्हे, तर एका विशिष्ट मताप्रमाणें. याच खेळाच्या २०१३ सालच्या आवृत्तींत मोटारी उभ्या करण्याच्या जागा खऱ्या शहराच्या प्रमाणांत दाखविल्या असत्या, तर सारें नगर पटांगणांनीं भरून कंटाळवाणें दिसलें असतें. म्हणून त्या जमिनीखालीं आहेत असें मानून कर्त्यांनीं त्या दृष्टीआड केल्या. असा एकच खेळ जो खेळतो, त्यास त्यांतील मत हेंच सत्य वाटूं लागतें. तें केवळ मत आहे, हें कळण्यासाठीं त्याच्या शेजारीं दुसरें मत ठेवावें लागतें. म्हणून ज्यांचीं नांवें फारशीं कानांवर येत नाहींत, अशा चार खेळांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

पहिला खेळ या सर्वांचा पूर्वज म्हणावा असा आहे. १९६४ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील मेबल ॲडिस नांवाच्या शिक्षिकेनें शाळेंतील मुलांसाठीं ‘सुमेरियन गेम’ रचला आणि आयबीएम कंपनीच्या विल्यम मॅके यांनीं तो संगणकावर चढविला. त्यास पडदाच नव्हता; विद्यार्थ्यानें यंत्रावर आंकडे टंकावयाचे आणि उत्तर कागदावर छापून यावयाचें. विद्यार्थी प्राचीन सुमेर देशांतील लगश नगराचा राजा होई. पीक हातीं आलें, कीं त्यांतील किती लोकांस खाण्यास द्यावें, किती बियाण्यास राखावें व किती कोठारांत ठेवावें, हा मुख्य प्रश्न. लोकांस कमी दिलें, तर आज उपासमार. बियाणें कमी राखलें, तर उद्यां उपासमार! पुढें हीच कल्पना ‘हमुराबी’ या लहान खेळाच्या रूपानें पसरली आणि १९७३ सालीं डेव्हिड आल यांच्या पुस्तकांतून ती असंख्य हौशी लोकांच्या हातीं पडली. या खेळांत प्रजा हा केवळ एक आंकडा आहे. परंतु राजाचें पहिलें कर्तव्य कोठारांत आहे, ही गोष्ट त्यानें मुलांस एका तासांत पटविली असेल.

दुसरा खेळ १९८३ सालचा. त्याचें नांव ‘म्यूल’, म्हणजे खेचर. आणि डॅनिएल बंटन बेरी या त्याच्या कर्त्या. एका निर्जन ग्रहावर चौघे जण वसाहत करण्यास उतरतात. प्रत्येकानें जमिनीचे तुकडे घ्यावयाचे आणि यांत्रिक खेचरें जुंपून अन्न, ऊर्जा किंवा धातु मिळवावयाची. फेरीच्या शेवटीं बाजार भरतो. विकणारा वरून खालीं येतो, घेणारा खालून वर जातो, आणि जेथें दोघांची गांठ पडते, तोच भाव. अन्न दडपून ठेवणाऱ्यास भाव चढल्यानें नफा होतो खरा. परंतु ज्यास अन्न मिळालें नाहीं, त्यास पुढील फेरींत काम करण्यास वेळ थोडा मिळतो व सर्व वसाहतीचें उत्पन्न घटतें. शेवटीं प्रत्येकाच्या संपत्तीबरोबर वसाहतीच्या एकंदर स्थितीचाही निवाडा होतो. दैवयोगही येथें मुद्दाम वांकविलेला आहे: जो सर्वांच्या पुढें आहे, त्यास सुदैवाचा लाभ नाहीं, जो सर्वांच्या मागें आहे, त्याजवर आपत्ति नाहीं.

तिसरा खेळ ‘बॅनिश्ड’, म्हणजे हद्दपार झालेले. तो ल्यूक होडोरोस्की या एकट्या गृहस्थानें तयार करून २०१४ सालीं प्रसिद्ध केला. देशोधडीस लागलेलीं कांहीं कुटुंबें थोडेंसें सामान घेऊन अरण्यांत येतात. येथें शत्रु नाहीं, पैसाही नाहीं. बाहेरच्या व्यापाऱ्यांशीं व्यवहार वस्तूंच्या अदलाबदलीनें होतो. हिवाळा आणि भूक हे मोठे वैरी. परंतु खरा सांपळा घरांचा आहे. रिकामें घर असल्यावांचून तरुण जोडपें वेगळा संसार थाटीत नाहीं. घरें बांधण्याची टाळाटाळ केली, तर कोठारें भरलेलीं दिसतात, गांव सुखी दिसतें, आणि मग एके दिवशीं सर्व गांव एकदम म्हातारें झाल्याचें ध्यानांत येतें. उलट एकदम पुष्कळ घरें उठविलीं, तर मुलें वाढतात आणि अन्न पुरत नाहीं. शाळेचेंही तसेंच. शाळेंत जाणारें मूल कामास उशिरां लागतें. म्हणून तंगीच्या दिवसांत शाळा हा खर्च वाटतो, परंतु शिकलेला मनुष्य पुढें अधिक काम उरकतो.

चौथा खेळ ‘वर्कर्स अँड रिसोर्सेस : सोव्हिएट रिपब्लिक’. तो स्लोव्हाकियांतील एका लहान मंडळीनें २०१९ सालीं अपुऱ्या स्वरूपांत व २०२४ सालीं पूर्ण करून बाहेर काढला. पुष्कळ खेळांत बोट लावतांच इमारत उभी राहते. येथें कठीण रीतीनें खेळूं म्हटलें, तर विटा, पोलाद, यंत्रें आणि मजूर हीं सारीं त्या जागेपर्यंत न्यावीं लागतात. कोळशाची गाडी रस्त्यांत अडकली, कीं घरें गारठतात. बालवाडींत जागा नसेल, तर मुलाच्या आईस किंवा बापास कामावर जातां येत नाहीं आणि कारखान्यास मनुष्यें कमी पडतात.

आतां हे चारही एकत्र ठेवून पाहावे. शहर कशावर उभें राहतें? एक म्हणतो कोठारावर, दुसरा शेजाऱ्यावर, तिसरा पिढ्यांच्या क्रमावर आणि चौथा वाहतुकीवर. म्हणून मित्रमंडळींत या खेळांची चर्चा करतांना कोणाचें नगर मोठें झालें, एवढ्यावरच थांबूं नये. आपलें नगर कोणत्या नियमामुळें बुडालें, तो नियम खऱ्या जगांत तसाच आहे काय, आणि कर्त्यानें कोणती गोष्ट मोजलीच नाहीं, हे तीन प्रश्न विचारावे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘सिमसिटी’, ‘म्यूल’, ‘बॅनिश्ड’ या तिन्हींत आरंभीं भूमि रिकामी असते. तेथें कोणाचें शेत नाहीं, कोणाचें घर नाहीं. खरें नगर अशा भूमीवर क्वचितच वसतें. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्याचें काम तिजकडे आलें. त्या जागेवर ९५ गांवें होतीं. त्यांचीं भातशेतें होतीं, मिठागरें होतीं. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला, आणि १९८४ सालच्या जानेवारींत उरण भागांत झालेल्या गोळीबारांत पांच शेतकरी मृत्युमुखीं पडले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ शेतकऱ्यांस परत देण्याची योजना आली. वरील तीन खेळांपैकीं एकांतही असा शेतकरी नाहीं, आणि म्हणून त्याचा प्रश्नही नाहीं.

या उणिवेमुळें हे खेळ टाकाऊ ठरतात, असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्यांपैकीं कांहीं जण उद्यां खऱ्या नगरांचे अभियंते, नगरसेवक किंवा निदान मतदार होतील. त्यांच्यापुढें जेव्हां एखाद्या योजनेचा सुबक नकाशा व आंकड्यांचा तक्ता येईल, तेव्हां यांत कोण मोजलें गेलें नाहीं, असें विचारण्याची संवय त्यांस असली पाहिजे. ती संवय चार निरनिराळे खेळ ताडून पाहतां पाहतां लागली, तर त्यांत घालविलेला वेळ फुकट गेला असें कोणीही म्हणणार नाहीं.