पंचांच्या डोळ्यांदेखत चालणारा फ्रिजेरिओ

ऑगस्ट १९२०, अँटवर्पचं ऑलिंपिक. तीन किलोमीटर चालण्याच्या शर्यतीआधी मिलानचा अठरा वर्षांचा ऊगो फ्रिजेरिओ मैदानातल्या बँडमास्तरकडे गेला आणि स्वरलिपीची पानं त्याच्या हाती ठेवली. मी चालत असताना हे वाजवा, अशी फर्माईश! शर्यत सुरू झाली, पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढे. आणि बँडचा ठेका बिघडतोय म्हणून त्याने मध्येच वादकांना झापलं, असं सांगतात. किस्सा थोडा फुगलेला असेलही. निकाल मात्र नोंदलेला आहे : १३ मिनिटं १४.२ सेकंद, सुवर्णपदक. तीनच दिवसांपूर्वी त्याने दहा किलोमीटरची शर्यतही मारली होती. ॲथलेटिक्समधलं इटलीचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

या खेळात सगळ्यात आधी पोहोचणं पुरत नाही. एक पाय उचलण्याआधी दुसरा जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर ते धावणं. आजच्या नियमात आणखी एक अट आहे : पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्याच्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. हे सगळं ठरवायचं पंचांच्या नुसत्या डोळ्यांनी. वेगवान कॅमेऱ्यांत तर चांगले चांगले खेळाडूही सेकंदाचे काही शतांश हवेत दिसतात. पण डोळ्याला दिसलं नाही, तर ते क्षम्य. म्हणजे वाद पाचवीलाच पुजलेला.

फ्रिजेरिओची चाल निर्दोष मानली जाई. तरी वादाची झळ त्याला बसलीच.

१९२४ साली पॅरिसमध्ये त्याने दहा किलोमीटरचं सुवर्ण राखलं, ४७ मिनिटं ४९ सेकंदांत. दुसरा आलेला ब्रिटनचा गॉर्डन गुडविन जवळपास ४९ सेकंद मागे होता. पण त्याआधीच्या फेरीत पंचांनी एका ऑस्ट्रियन स्पर्धकाला बाद केलं, अपील समितीने त्याला पुन्हा घेतलं आणि पंच भडकले. आमचा निर्णय फिरवायचा असेल तर आम्ही कशाला, म्हणून त्यांनी काम करायलाच नकार दिला. त्यांचा राग समजण्यासारखा होता. या वादानंतर १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकच्या कार्यक्रमातून चालण्याची शर्यतच गायब झाली. फ्रिजेरिओ तेव्हा ऐन सव्विशीत होता. तीन सुवर्णं खिशात आणि चौथ्यासाठी शर्यतच नाही!

१९३२ मध्ये लॉस एंजेलिसला चालणं परतलं, पण पन्नास किलोमीटरच्या रूपात. त्याच्या जुन्या अंतराच्या पाचपट. इटलीचा ध्वज घेऊन आलेला फ्रिजेरिओ त्यातही उतरला आणि ४ तास ५९ मिनिटं ६ सेकंदांत तिसरा आला. जिंकला तो ३८ वर्षांचा इंग्रज टॉमी ग्रीन. लहान पल्ल्याच्या चालीवर घडलेल्या माणसाने पाच तास रस्ता तुडवून मिळवलेलं हे कांस्य, माझ्या मते, त्याच्या सुवर्णांइतकंच मोलाचं.

दहा किलोमीटरची शर्यत १९४८ साली परतली खरी. पण १९५२ मध्ये हेलसिंकीत स्वित्झर्लंडचा फ्रिट्झ श्वाब आणि सोव्हिएत संघाचा ब्रुनो युंक रौप्यासाठी शेवटच्या काही मीटरांत चक्क धावत सुटले. रौप्य श्वाबला मिळालं. १९५६ पासून दहा किलोमीटरची जागा वीस किलोमीटरने घेतली. चालण्यातल्या तीन ऑलिंपिक सुवर्णांचा फ्रिजेरिओचा आकडा गाठायला पोलंडच्या रॉबर्ट कोर्झेनिओव्स्कीला २००० सालचं सिडनी उजाडावं लागलं. चौथं त्याने २००४ मध्ये अथेन्सला घेतलं.